अख्खा, चिरलेला की डबाबंद? रोजच्या स्वयंपाकासाठी अननसाचे परीक्षण

बाजारात अननस आज चार रूपांत मिळतो: अख्खा, सोलून चिरलेला, पाकात घालून डबाबंद केलेला आणि रस म्हणून खोक्यात भरलेला. या परीक्षणात त्याचा विचार पाहुण्यांसाठीच्या गोडाचा जिन्नस म्हणून केलेला नाही. कांदा, टोमॅटो, लिंबू यांच्याबरोबर आठवड्याच्या पिशवीत घ्यावा असा तो आहे का, एवढाच प्रश्न आहे. माझा निर्णय आधीच सांगतो. अख्खा अननस या कसोटीला चांगला उतरतो, डबाबंद अननस एकदोन ठरावीक पदार्थांपुरता उतरतो, चिरलेला केवळ सोयीचा आहे आणि खोक्यातल्या रसाचा स्वयंपाकाशी फारसा संबंध उरत नाही. मात्र अख्ख्या अननसाला मी दिलेले हे माप दोन अटींवर अवलंबून आहे: तो झाडावर पुरेसा पिकलेला असला पाहिजे, आणि कोणत्या पदार्थात तो शिजवून घालायचा व कोणत्यात कच्चा, हे करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

आपल्या शहरांतील फळबाजारात येणाऱ्या अननसांपैकी बराच माल केरळचा असतो. एर्नाकुलम जिल्ह्यातील वाळकुळम हे त्या व्यापाराचे मोठे केंद्र असून तेथील अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही मॉरिशस जात आहे. फळ मध्यम आकाराचे, साधारण एक ते दीड किलोचे, गर सोनेरी पिवळा आणि डोळे खोल. रबराची झाडे लहान असताना पहिली तीनचार वर्षे त्यांच्या ओळींमध्ये हे पीक तेथे घेतात. दुसरी जात क्यू. तिचे फळ मोठे, अंगाने सरळ नळीसारखे, डोळे उथळ आणि गर फिकट व अधिक रसाळ असतो. सोलताना नासाडी कमी होते आणि चकत्या एकसारख्या पडतात, त्यामुळे कारखान्यांना ती सोयीची पडते. त्रिपुराचा क्वीन अननस सुवासात या दोघांच्याही पुढे आहे आणि त्यालाही २०१५ मध्ये मानांकन मिळाले आहे, पण आपल्याकडच्या नेहमीच्या मंडईत तो सहजी दिसत नाही. कोकणात आणि गोव्यात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावलेला अननस स्थानिक आठवडी बाजारात येतो. तो दिसायला ओबडधोबड असला तरी झाडावर जास्त दिवस राहिलेला असण्याची शक्यता अधिक, आणि म्हणून मिळेल तेथे तोच घ्यावा असे मी सुचवेन.

झाडावर राहण्याचा मुद्दा येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. आंबा, केळे किंवा चिकू तोडल्यानंतर पिकतात, कारण त्यांच्या गरात साठवलेल्या पिष्टाची पुढे साखर होते. अननसाच्या गरात असा साठा नसतो. तोडल्यानंतर साल पिवळी होते, गर मऊ पडतो, पण गोडी वाढत नाही. तोडताना जी होती तीच राहते. त्यामुळे हिरवा अननस आणून आढी घातल्यासारखा चार दिवस ठेवणे व्यर्थ आहे आणि विक्रेत्याचे ‘ठेवा, पिकेल’ हे आश्वासन अननसापुरते तरी मनावर घेऊ नये. रंगावर विसंबणेही धोक्याचे, कारण सालीचा रंग रसायनाने आणता येतो. बुडाचा वास घेणे ही त्यातल्या त्यात खरी परीक्षा होय. बुडाशी गोड, स्वच्छ वास हवा. वास नसेल तर फळ लवकर तोडलेले आहे आणि वासाला दारूसारखी झाक असेल तर आंबायला लागले आहे. हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने जड लागावे, दाबल्यावर किंचित दबावे आणि डोळे सपाट व भरलेले असावेत. तुऱ्यातले पान सहज उपटून येते का, हे पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण मला ती भरवशाची वाटत नाही; वाळत चाललेल्या फळाचेही पान तितक्याच सहजतेने निघते.

पौष्टिकतेबद्दल जाहिरातवजा भाषेत जे बोलले जाते, त्यातले बरेचसे बाजूला ठेवूनही अननसाच्या पदरात चांगले गुण पडतात. शंभर ग्रॅम ताज्या गरात सुमारे ५० किलोकॅलरी, १३ ग्रॅम कर्बोदके, त्यांपैकी १० ग्रॅमच्या आसपास साखर आणि दीड ग्रॅमपेक्षा थोडा कमी चोथा असतो. जातीनुसार क जीवनसत्त्व ३५ ते ५० मिलिग्रॅमपर्यंत मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे वाटीभर फोडींनी ती बऱ्याच अंशी भागते. मँगेनीज हे खनिज मात्र अननसात इतर बहुतेक फळांपेक्षा ठळकपणे जास्त, शंभर ग्रॅममागे जवळपास एक मिलिग्रॅम, असते. असे असले तरी केवळ क जीवनसत्त्वासाठी फळ घ्यायचे असेल तर पेरू स्वस्तात कितीतरी अधिक देतो आणि चोथ्यातही अननसाला मागे टाकतो. अ जीवनसत्त्व अननसात नगण्य आहे, प्रथिने नावापुरती. माझ्या दृष्टीने त्याचे खरे पोषणमूल्य निराळ्या ठिकाणी आहे: डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि अननस हे पानात डाळ-भाजीच्या शेजारी, जेवणाचा भाग म्हणून सहज बसणारे फळ आहे. जेवणानंतर दोन तासांनी वेगळे खाल्ले तर हा फायदा बराचसा हातचा जातो. मधुमेह असणाऱ्यांनी प्रमाण सांभाळावे, हे सांगायला नकोच.

आता स्वयंपाकाकडे वळतो. अननसात ब्रोमेलेन नावाचे एन्झाइम असते आणि ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्चा अननस पोटभर खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यात या एन्झाइमचा वाटा आहे. अननसातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, सुईसारखे स्फटिकही त्याला हातभार लावतात. हेच एन्झाइम दह्या-दुधातल्या प्रथिनांवर चालते आणि तुटलेल्या प्रथिनांमुळे पदार्थ कडवट होतो. अननसाचे रायते सकाळी करून दुपारी वाढले की कडू लागते, फ्रूट सॅलडमध्ये घातलेला ताजा अननस सगळे कस्टर्ड बिघडवतो आणि जिलेटिनची जेली रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही पाण्यासारखी राहते, या तिन्ही तक्रारींचे कारण एकच आहे. उपायही एकच: उष्णता. साठ अंशांच्या वर ब्रोमेलेनचा जोर ओसरू लागतो आणि उकळीला चार-पाच मिनिटांत तो संपतो. फ्रीझरमध्ये ठेवल्याने मात्र तो मरत नाही, केवळ थंडावतो. म्हणून गोठवलेल्या फोडी ‘प्रक्रिया केलेल्या’ समजून दुधात टाकू नयेत. जेलीच करायची असेल आणि फोडी शिजवायच्या नसतील तर चायना ग्रास वापरावे. ते समुद्री शेवाळापासून बनते, त्यात प्रथिनांचे जाळे नसते, त्यामुळे एन्झाइमला तोडण्यासारखे काही सापडत नाही.

एवढे एक तत्त्व ध्यानात ठेवले तर पदार्थांची विभागणी आपोआप होते. रायत्यासाठी फोडी बारीक चिराव्यात, चमचाभर साखर व चिमूटभर मीठ घालून स्वतःच्याच रसात पाच-सहा मिनिटे शिजवाव्यात, पूर्ण गार कराव्यात आणि मग घट्ट, फार आंबट नसलेल्या दह्यात घालाव्यात. वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अगदी थोडी मोहरी फेसून घातली तर हे रायते उपाहारगृहातल्या साखरेने गच्च झालेल्या रायत्यापेक्षा पुष्कळच वरच्या दर्जाचे होते, आणि दुसऱ्या दिवशीही कडवट होत नाही.

अननसाचा शिरा हा या फळाचा आपल्याकडचा सर्वांत परिचित अवतार, आणि माझ्या मते सर्वांत जास्त बिघडवला जाणाराही. उडुपी उपाहारगृहांत मिळणारा पिवळाधमक शिरा पुष्कळदा रंग आणि इसेन्स यांच्यावर उभा असतो. त्यातली अननसाची फोड शोधावी लागते. घरी करताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, रवा तुपात मंद आचेवर भाजून तो उकळत्या पाण्यात पूर्ण फुलल्याखेरीज साखर घालू नये, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि मग रव्याचा कण आत कोरडा राहतो. अननस साखरेत शिजवून ठेवलेला असेल तर तोही याच कारणासाठी रवा फुलल्यानंतरच घालावा. दुसरी गोष्ट वासाची. अननसाचा सुवास उडून जाणाऱ्या घटकांचा असतो. फळ जितके जास्त शिजेल तितका तो स्वयंपाकघरात दरवळतो आणि कढईत कमी उरतो. म्हणून तीन-चतुर्थांश फोडी आधी शिजवाव्यात आणि उरलेल्या अगदी बारीक चिरून शेवटी घालून झाकणाखाली दोन-तीन मिनिटे वाफ द्यावी. शिऱ्यात दूध घालण्याची सवय असणाऱ्यांनी या पदार्थापुरते पाणीच वापरावे. आंबट फळाने दूध फाटते आणि शिऱ्यात बारीक कण्या दिसू लागतात. पिकलेल्या फळाला रव्याच्या निम्मी साखर मला पुरेशी वाटते. गोडाला सरावलेल्या जिभांना ती कमी वाटेल, हे मान्य आहे.

तरीही शिऱ्यावर थांबणे म्हणजे या फळाला गोडाच्या ताटात कोंडणे होय. भारतात अननस पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आला. आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारो अननस निघत असल्याची नोंद जहांगीर बादशहाने करून ठेवली आहे. इतक्या दिवसांत किनारपट्टीच्या स्वयंपाकघरांनी त्याला भाजी म्हणूनच आपलेसे केले, घाटावर मात्र तो केकवरच्या चकतीपुरता आणि हातगाडीवरच्या तिखट-मिठापुरता राहिला. गोव्यातल्या सारस्वत घरांतले अननसाचे सासव हा याबाबत आदर्श पदार्थ म्हणता येईल. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, हळद आणि मोहरी यांचे वाटण, त्यात गूळ, मीठ आणि अननसाच्या फोडी. हंगामात त्यात पिकलेला आंबा आणि द्राक्षेही पडतात. मोहरीचा झणका हा या पदार्थाचा प्राण असल्याने वाटण घातल्यावर तो उकळवत नाहीत. ताजे करून त्याच जेवणात संपणार असेल तर फोडी कच्च्या चालतात, उरणार असेल तर आधी वाफवून घ्याव्यात. उडुपी-मंगळूरकडची मेणस्काई याच्या उलट वाटेने जाते: अननस आधी चिंच-गुळात मऊ शिजवतात आणि मग भाजलेले तीळ, उडीद डाळ, मिरच्या व खोबरे यांचे वाटण लावून उकळी आणतात. तिळामुळे तिला जो दाटपणा येतो, तो भाताबरोबर विशेष रुचतो आणि पोळीबरोबरही खटकत नाही.

रोजच्या स्वयंपाकासाठी मला सर्वांत उपयोगी वाटला तो तुरीच्या वरणातला अननस. आमसूल किंवा चिंच यांच्याऐवजी अर्धी वाटी फोडी आणि किंचित गूळ, फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सुकी मिरची, शेवटी मिरपूड. आमटी आणि तमिळ पद्धतीचे अननस-रसम यांच्या मधले काहीतरी तयार होते. वरणात तो उकळत असल्याने एन्झाइमचा प्रश्न येत नाही, कमी गोड निघालेले फळही येथे खपून जाते, आणि डाळीबरोबर क जीवनसत्त्वही मिळते. शिजताना ते काही प्रमाणात नष्ट होते, पण रस भांड्यातच राहत असल्याने सगळेच वाया जात नाही. फसलेल्या, आंबट अननसाचे दुसरे चांगले ठिकाण म्हणजे बंगाली पद्धतीची चटणी: मेथी, बडीशेप, मोहरी, जिरे आणि कलौंजी यांच्या फोडणीवर अननस, साखर, आले आणि मनुका. ती फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. सामिष स्वयंपाकात कच्च्या पपईप्रमाणे अननसाचा रस मांस मऊ करण्यासाठी लावता येतो, पण त्याची ताकद ओळखून. कोंबडीच्या तुकड्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लावून ठेवल्यास बाहेरचा थर पिठासारखा होतो.

सोलण्याचा त्रास हे अख्ख्या अननसाविरुद्धचे सर्वांत प्रामाणिक कारण आहे. डोळे जातील इतकी जाड साल काढली तर फळाचा चांगला भाग कचऱ्यात जातो. साल पातळ काढून, तिरक्या ओळींत असलेले डोळे सुरीने खाचा पाडून काढणे हीच किफायतशीर रीत आहे, आणि सरावाने ती वाटते तितकी वेळखाऊ राहत नाही. तुरा, साल आणि मधला दांडा वजा जाता साधारण निम्म्याहून थोडा अधिक गर हाती लागतो. सव्वा किलोच्या फळातून सहा-सातशे ग्रॅम फोडी मिळतात, ज्यात चौघांच्या घरात एकदा शिरा, एकदा रायते आणि एकदा वरण आरामात होते. दांडा टाकू नये. तो कडक असला तरी किसून रसमात किंवा चटणीत जातो. ब्रोमेलेन त्यात भरपूर असल्याने मांसाला लावायलाही तोच उत्तम. बुडाकडचा भाग तुऱ्याकडच्या भागापेक्षा गोड असतो, म्हणून फळ आडवे कापत गेल्यास खालच्या चकत्या खायला आणि वरच्या शिजवायला ठेवाव्यात. न कापलेले फळ फ्रिजमध्ये फार दिवस ठेवू नये. सात ते दहा अंशांखालच्या थंडीने आतला गर काळपट पडतो. कापल्यावर मात्र झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्येच ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

चिरलेला अननस घेताना हा सोलण्याचा खटाटोप वाचतो, परंतु बुडाचा वास घेण्याची संधी जाते, म्हणजे निवडीचे सर्वांत खात्रीचे साधनच हातून सुटते. मोठ्या दुकानांतील पारदर्शक डब्यात खाली साचलेला रस पाहावा. तो फेसाळ किंवा गढूळ असेल तर डबा परत ठेवावा. हातगाडीवरच्या चकत्या समोर सोलून दिल्या तर घ्याव्यात, पाणी शिंपडून तासन्‌तास मांडलेल्या घेऊ नयेत.

डबाबंद अननसाचा मी विरोधक नाही. डब्यात भरताना तो तापवला जात असल्याने त्यातले एन्झाइम निकामी झालेले असते, म्हणूनच फ्रूट सॅलड करणारे आचारी त्याला पसंती देतात आणि त्या कामासाठी तो योग्यच आहे. कस्टर्ड, श्रीखंडात मिसळायच्या फोडी, केक आणि जिलेटिनची जेली यांसाठी डबा उघडावा. पण त्याचे मोल काय द्यावे लागते तेही पाहावे. घट्ट पाकातल्या अननसात शंभर ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमपेक्षा कमी उरते. डब्यावर छापलेल्या एकूण वजनात पाकाचा मोठा वाटा असतो. पाक निथळल्यानंतरचे वजन वेगळे छापलेले असते आणि किमतीची तुलना त्याच आकड्यावरून करावी. पाकाऐवजी स्वतःच्या रसात भरलेला डबा मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तो घ्यावा. चव विचाराल तर ती गोड, मऊ आणि एकसुरी असते. आंबटपणाची धार आणि सुवास दोन्ही मागे पडतात. सासव किंवा वरण यांत डब्यातला अननस घालणे मला पटत नाही, कारण त्या पदार्थांना जी धार हवी तीच त्यात नसते.

खोक्यातल्या रसाबद्दल थोडक्यात एवढेच की ‘ज्यूस’ आणि ‘फ्रूट ड्रिंक’ हे शब्द वेगवेगळे आहेत आणि दुसऱ्या प्रकारात फळाच्या रसाचे प्रमाण दहा टक्क्यांइतके कमी असू शकते. चोथा दोन्हींत जवळजवळ नसतोच.

किमतीच्या हिशेबात, केरळचा माल भरपूर येतो त्या उन्हाळ्याच्या दिवसांत अख्खा अननस गराच्या वजनावर मोजला तरी डब्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भाव चढला किंवा फळ पाणचट निघू लागले की हा हिशेब पुन्हा करावा. त्या दिवसांत मी वरणासाठी पुन्हा आमसुलाकडे वळतो आणि रायत्यासाठी डाळिंब घेतो. ज्यांना गोठवून ठेवायचा आहे त्यांनी मे महिन्यातले चांगले फळ निवडून, फोडी पाच मिनिटे शिजवून, गार करून लहान पिशव्यांत भरून ठेवावे. अशा फोडी दह्यात, दुधात किंवा शिऱ्यात थेट घालता येतात आणि डबा विकत आणण्याचे बहुतेक प्रसंग टळतात.